आधी वाट सांगा, मग नाही म्हणा

प्रति,
महाराष्ट्रात ट्रेक, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग आणि स्कूबाच्या सहली काढणारे सर्व आयोजक, लीडर आणि बॅकलीड (सगळ्यांच्या मागे राहून सांभाळणारे)

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारची संध्याकाळ होती. सॅक भरून दाराशी ठेवली होती, हेडटॉर्चचे सेल तपासून झाले होते, बायको दशम्या लाटत होती. पावणेसातला फोन आला. "दादा, तुमचे पैसे परत पाठवतोय. आम्हाला आत्ताच कळलं की तुमचा एक पाय... म्हणजे, रिस्क नको ना. पुढच्या वेळी एखादा सोपा ट्रेक असला की नक्की." मी विचारलं, वाटेतली नेमकी कुठली जागा अडचणीची वाटते? पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग उत्तर आलं, "तसं नाही हो, एकंदरच."

बाराशे रुपये पाच मिनिटांत खात्यावर परत आले. दशम्या आम्ही घरीच खाल्ल्या. तो 'एकंदरच' मात्र काही केल्या पचला नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. वय सत्तेचाळीस, मुक्काम चिंचवड. नऊ वर्षांपूर्वी महामार्गावरच्या अपघातात डावा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. आमच्या भाषेत मी 'बीके'. ज्यांचा पाय गुडघ्याच्या वर कापलेला असतो ते 'एके'. अपघाताआधी वीस वर्षं सह्याद्रीत भटकलो होतो. हरिश्चंद्रगड पाचनईकडून केला, खिरेश्वरहून तोलारखिंडीने केला, एकदा हट्टाने नळीच्या वाटेनेही केला. राजगड-तोरण्याच्या फेऱ्या कधी मोजल्या नाहीत. सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे. मित्र 'लंगड्या' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते मला जास्त आपलं वाटतं. माझ्या पायात दिव्य असं काही नाही. एक सॉकेट (उरलेला पाय बसवायची कडक वाटी) आहे, एक नळी आहे, कार्बनचा पंजा आहे आणि सिलिकॉनचा लायनर (आतला मऊ मोजा) आहे. त्याचा हप्ता फेडताना मात्र दिव्य करावं लागलं.

हा पाय डोंगरात कसा वागतो ते जरा सविस्तर सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो जवळून पाहिलेला नसतो, आणि न पाहिलेल्या वस्तूची भीती वाटणं साहजिक आहे.

उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर लायनर चढवायचा, त्यावर सुती किंवा लोकरी मोजे, आणि मग तो सॉकेटमध्ये घालायचा. लायनरच्या टोकाची पिन खाली कुलपात 'खट्' करून बसली की पाय लागला. आता गंमत अशी की स्टंप दिवसभर एका मापाचा राहत नाही. चालून चालून तो बारीक होतो. सकाळी घट्ट बसलेला सॉकेट दुपारी ढिला होतो, पाय आत वर-खाली हलायला लागतो आणि कातडी सोलवटते. त्यावर उपाय सोपा आहे: बसायचं, पाय काढायचा, घाम पुसायचा, एक मोजा वाढवायचा, पाय परत लावायचा. दहा मिनिटांचं काम. उन्हात मला हे दर तास-दीड तासाने करावं लागतं. ही दहा मिनिटं मिळाली तर मी दिवसभर चालतो. 'चला, चला, पुढे जाऊन बसू' म्हणत ती खाल्ली गेली, तर पुढचा आठवडा मी कुबड्यांवर असतो.

दुसरी गोष्ट घोट्याची. तुमचा घोटा दगडागणिक वाकतो, तिरका होतो, सावरतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. माझा घोटा जवळजवळ एकाच कोनात असतो. चढताना त्याचं फारसं बिघडत नाही. पुढच्या पायावर भार टाकून, उजवा आधी वर घेऊन मी चढतो. उतरताना मात्र उतार मला मागून ढकलतो आणि खालचा पाय वाकत नाही, म्हणून सगळा भार गुडघ्यावर आणि स्टंपच्या पुढच्या हाडावर येतो. फिजिओथेरपीत शिकवतात तसं चढताना चांगला पाय पुढे, उतरताना नकली. म्हणजे माझा ट्रेक माथ्यावर पोचल्यावर सुरू होतो. तुमच्या जाहिरातीत 'चढाई दोन तास' असं ठळक लिहिलेलं असतं, उतराईबद्दल अक्षर नसतं. मला हवी असते ती नेमकी उतराई.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या पायाला खालचं काही कळत नाही. दगड डुगडुगतोय, पाचोळ्याखाली खड्डा आहे, कातळ शेवाळलाय, हे तुमचं पाऊल तुम्हाला सांगतं. मला ते डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून रात्रीचा ट्रेक मी टाळतो. काजव्यांच्या दिवसांत राजमाचीला जायची हौस मलाही आहे, पण मी गाडीरस्त्याने उजेडी पोचतो, काजवे बघतो आणि सकाळी निघतो. हे माझं मी ठरवलेलं आहे. कुणी मला अडवलेलं नाही.

आणि दमणूक. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाला सपाटीवर चालायलाही साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर एकूण शक्तीच दीडपटीपेक्षा जास्त लागते. तेव्हा एखादा 'एके' मित्र तुमच्याबरोबर चार तास चालला, तर तो सहा-साडेसहा तासांचं चाललाय असं धरा आणि त्याच्या वाटणीचे खजूर त्याला द्या.

आता लोहगड. तुमच्या याद्यांमध्ये लोहगड म्हणजे 'अगदी सोपा, लहान मुलांनाही नेता येईल'. मीही तसंच समजत होतो. त्या फोननंतरच्या जुलैत मी एका दुसऱ्या ग्रुपबरोबर लोहगडला गेलो, आणि पायाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. फॉर्मवर 'मला कोणताही शारीरिक त्रास नाही' या ओळीपुढे खूण केली, फुल पँट घातली, आणि मळवलीला उतरलो. भाजे, लोहगडवाडी, मग पायऱ्या. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा. चढताना सगळं मजेत. फक्त दर तासाला कुठे बसणार? बसलो तर पाय काढावा लागणार, काढला तर सगळ्यांना दिसणार. मग नाहीच बसलो. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या निमुळत्या सोंडेपर्यंत, तसाच गेलो.

उतरताना पाऊस वाढला. त्या दिवसांत लोहगडाच्या पायऱ्यांवरून पाणी ओढ्यासारखं उतरतं. पायरीची कड कुठे संपते ते दिसेना. लायनरमध्ये पाणी आणि घाम, सॉकेट ढिला, प्रत्येक पायरीला पाय आत गरकन फिरायचा. नारायण दरवाजाशी पोचेपर्यंत मोज्याचा रंग बदलला होता. तिथे बसलो आणि लीडरला बोलावून पँट वर केली. पोरगा बावीस-तेवीसचा असेल. आधी घाबरला, मग चिडला. "काका, आधी का नाही सांगितलंत?" त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. बस दोन तास माझ्यासाठी थांबली, पुढची मुलं भिजून काकडली. मी त्याला एवढंच विचारलं, "सांगितलं असतं तर आणलं असतंस?" तो काही बोलला नाही. मग त्याने आपला रेनकोट काढून माझ्या पायाशी धरला, म्हणजे मला कोरड्यात मोजा बदलता येईल.

त्या दिवशीची चूक माझी होती, ती मी कुणाच्या गळ्यात बांधत नाही. पण ती कशी घडली हेही बघा. सांगितलं की 'नाही' येतं, हे मी आदल्या वर्षी शिकलो होतो, म्हणून सांगितलं नाही. आणि न सांगितलेला पाय हीच तुमच्या ट्रेकवरची सगळ्यात मोठी रिस्क. माझ्यासारखे पँटच्या आत पाय लपवून तुमच्या बसमध्ये बसलेले आणखी किती असतील, ते तुम्हाला कळणारच नाही. मधुमेहवाले, दम्याचा पंप खिशात दडवणारे, फिट येणारे, सगळे तीच खूण करून येतात. 'कोणताही त्रास नाही.'

दुसऱ्या टोकाचाही अनुभव घेतला. एका ग्रुपने मला अगदी आनंदाने घेतलं. इतक्या आनंदाने, की गडाच्या पायथ्याशी ओळखपरेड झाली तेव्हा माझ्यासाठी टाळ्या पडल्या. मी अजून एक पाऊलही चाललो नव्हतो. माथ्यावर झेंडा हातात दिला आणि सांगितलं, "सर, पँट जरा वर घ्या ना, पाय दिसू दे." संध्याकाळी तो फोटो त्यांच्या पुढच्या ट्रेकच्या जाहिरातीत होता. त्यांनी मला नेलं, याबद्दल तक्रार नाही. पण दिवसभरात एकानेही विचारलं नाही की तुम्हाला कुठे थांबायचंय. कौतुक करणाऱ्याला प्रश्न सुचत नाहीत, हे मला त्या दिवशी उमगलं.

असल्या वेळी हमखास अरुणिमा सिन्हाचं नाव निघतं. २०११मध्ये रेल्वेखाली पाय गेला आणि २१ मे २०१३ला ती एव्हरेस्टवर होती. मेजर डी. पी. सिंगांचंही निघतं. कारगिलच्या लढाईत पाय गमावलेला हा माणूस २०१९मध्ये आपल्या नाशिकला पॅराशूटने एकट्याने, म्हणजे 'सोलो', उडी घेऊन उतरला. मे २०२३मध्ये गुडघ्यांच्या वरून दोन्ही पाय नसलेला नेपाळचा हरी बुढा मगर एव्हरेस्ट चढला तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. "बघ, तो चढला!" चढला, आणि आनंदच आहे. पण त्यांच्या गोष्टीतला जो भाग मला उपयोगाचा आहे तो कुणी सांगत नाही. अरुणिमाने एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांच्याकडे जाऊन रीतसर प्रशिक्षण घेतलं. तिच्याबरोबर शेर्पा होता, तिच्या पायाचा विचार करून आखलेली मोहीम होती. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर सोडून कुणी तिला तळावर नेऊन उभं केलं नव्हतं. मला जिद्दीची भाषणं खूप मिळाली. वाटेचा नकाशा मागितला की हात वर होतात.

मला हवं ते मिळालं कळसूबाईला. मुद्दाम मंगळवार निवडला होता, कारण रविवारी शिड्यांवर रांग असते आणि मागचा माणूस घाई करतो. बारीतून एक वाटाड्या मामा बरोबर घेतले. साठीचे असावेत. त्यांनी पाय पाहिला, हळहळले नाहीत, शाबासकीही दिली नाही. विचारलं, "काठी कंच्या हातात धरता?" म्हटलं, उजव्या. "मंग उतरताना मी डाव्या अंगाला, एक पाऊल खाली राहतो. हात लावनार नाही. पडाया लागला तर धरीन."

एवढंच. नऊ वर्षांत माझ्या पायाबद्दल कुणी विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न.

लोखंडी शिडीवर खरी परीक्षा असते. तुम्ही चवडा टेकवून चढता. माझा कार्बनचा चवडा भार आला की लवतो आणि दांडीवरून घसरतो, म्हणून मला पावलाचा मध्य दांडीवर ठेवावा लागतो, आणि पोटाच्या पुढे वाकून तो दिसत नाही. मामा खालून बघत होते. "आनिक आत... आनिक... हां, ठेवा." सगळी शिडी अशी. वर देवीच्या दारात बूट काढले आणि नेहमीप्रमाणे मागे कललो, कारण माझा पंजा बुटाच्या टाचेच्या उंचीला जुळवलेला आहे. टाच गेली की अख्खा माणूस मागे झुकतो. चौकट धरून नमस्कार केला. मामा म्हणाले, "देवी काय म्हनत नाही, घाला बूट." (ट्रेकिंगचे नवे बूट घेतले की मी आधी प्रोस्थेटिस्टकडे (नकली पाय बसवून देणाऱ्याकडे) जातो, तेही याच कारणाने. दोन बुटांच्या टाचेत बोटभर फरक असला तरी गुडघ्याला कळतो. आणि नकली पंजा बुटात जात नसेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सरकन जातो. ही युक्ती आमच्यातल्यांसाठी.)

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. "चिखलात तुमचा पाय टिकणार नाही," असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. आपल्याकडे लोक कुठल्याही नकली पायाला सरसकट 'जयपूर फूट' म्हणतात, पण तो मूळ पाय जन्माला का आला हे ठाऊक आहे का? १९६८च्या सुमाराला जयपुरात मास्टरजी रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्याआधी मिळायचे ते परदेशी धाटणीचे पंजे बुटात घालायचे होते. आपला शेतकरी बूट घालत नव्हता. त्याला अनवाणी चालायचं होतं, उकिडवं बसायचं होतं, मांडी घालायची होती, पाण्याने भरलेल्या शेतात उभं राहायचं होतं. म्हणून रबराचा, पावलासारखाच दिसणारा, भिजला तरी न बिघडणारा पाय बनला. म्हणजे चिखल ही त्याची जन्मखूणच म्हणायची. कार्बनच्या पंजाला पळायला बळ असतं, पण त्याच्या कवचात वाळू शिरते. माझ्याकडे दोन्ही आहेत. भाताच्या खाचरातून जाणारी वाट असेल तर मी जुना जयपूर लावतो, कातळाची असेल तर कार्बन. पण वाट कशी आहे हे मला आधी कळलं तर ना!

पाण्याचं वेगळं आहे. तिथे मी स्वतःच बऱ्याचदा 'नाही' म्हणतो, आणि का ते सांगतो.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला गेलो होतो. धरणातून सकाळी पाणी सोडतात, त्या पाण्यावर सगळा खेळ, म्हणून वेळ पाळावी लागते. राफ्टमध्ये आडव्या फुगीर नळीखाली पाऊल अडकवून बसायचं असतं, तोच तुमचा आधार. माझं नकली पाऊल तिथे अडकलं तर मला कळणार नाही, आणि राफ्ट उलटली तर तेवढा क्षण पुरे. शिवाय पाण्याच्या ओढीने पाय निघून गेला तर माझे दीड-दोन वर्षांचे पैसे खाडीला. म्हणून ठरवलं: पाय काढून जायचं. मी पाय काढला, कोरड्या पिशवीत घातला आणि चालकाला म्हटलं, जिथे राफ्ट लागणार तिथे हा घेऊन या. त्याने पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, सीटबेल्ट लावू का याला?" खरोखर लावला. पाय जीपने, मी नदीने. काठावरून राफ्टपर्यंत दोघांच्या खांद्यांवर हात टाकून गेलो. मला लागली होती ती जुळणी फक्त दोन वाक्यांची: गाडी शेवटाला येणार का, आणि काठावर दोन माणसं असतील का. आयोजकाने ती आदल्या दिवशी फोनवर पक्की केली. त्याला टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

तारकर्लीला उलट अनुभव. स्कूबात पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक टाकीपाशी धरूनच फिरवतो, पोहता न येणारेही मासे बघून येतात. तिथे पायाचं काम किती? पण "पाय नाही म्हणजे स्कूबा नाही," असं काउंटरवरच ठरलं. आत पाण्यात सगळे सारखेच हलके असतात हे ज्याला रोज दिसतं, त्यानेच हे म्हणावं याची गंमत वाटली. माझी खरी अडचण वाळूत होती, होडीपासून काठापर्यंतच्या चाळीस पावलांत. नकली पाय लावून समुद्रात उतरू नये हे मलाही मान्य आहे. खारं पाणी सांध्यांत आणि कुलपात बसतं, आणि पोकळ नळीत हवा राहिली तर पाय बुडायचं सोडून वर यायला बघतो. पाण्यात मला पाय नकोच होता. वाळूत कुबडी रुतते, तिथे एक खांदा हवा होता.

पॅराग्लायडिंगबद्दल थोडक्यात. कामशेतला टँडेम, म्हणजे पायलटबरोबर जोडीने, उड्डाण केलं. पळायची पावलं मोजकी असतात आणि उतरताना पाय वरच घ्यायचे असतात. पायलटने आधी मला सपाटीवर दहा पावलं पळवून पाहिलं आणि मग हो म्हणाला. याला म्हणतात तपासणं. 'एके' असणाऱ्यांनी आणि त्यांना नेणाऱ्यांनी मात्र हार्नेसकडे नीट बघावं. स्टंप आखूड असेल तर मांडीचा पट्टा सरकू शकतो, आणि नुसत्या कमरेच्या हार्नेसवर रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करवणं धोक्याचं आहे. छातीचा पट्टा हवा. इथे कुणी 'नाही' म्हणालं तर ते कारणासकट आहे, आणि तसं 'नाही' मी हसत ऐकून घेईन.

तर मागणी काय?

तुमच्या फॉर्मवरची ती एक ओळ बदला. 'मला कोणताही त्रास नाही' यावर सही घेण्याऐवजी विचारा: 'तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असलेलं बरं?' आणि खाली लिहा की उत्तरामुळे थेट नाव कापलं जाणार नाही, आम्ही फोन करू. फोन आठवडाभर आधी करा, शुक्रवारी पावणेसातला नको. फोनवर मला वाट सांगा. पायऱ्या दगडी आहेत की मातीत कोरलेल्या, कठडा आहे का आणि कुठल्या बाजूला, घसारा किती, ओढा किती वेळा ओलांडायचा, रॉकपॅच (उभ्या कातळाचा टप्पा) असेल तर उतरायला दोर लावणार का, अर्ध्यातून परत फिरायचं झालं तर शेवटची जागा कुठली, गाडी कुठवर येते. मुक्काम असेल तर रात्री शौचाला किती लांब जायचं, कारण रात्री माझा पाय उशाशी असतो आणि मी कुबड्यांवर. हे तुम्हाला तोंडपाठ असतं. गप्पांमध्ये तुम्ही त्याच वाटेची रसभरीत वर्णनं करता. फक्त जाहिरातीत 'सोपा / मध्यम / कठीण' या तीन शब्दांत ती सगळी गाडून टाकता.

तुमचं सोपं आणि माझं सोपं एक नसतं. ११ जुलै २०२५ला आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून 'वारसा किल्ल्यां'च्या सहलींना जोर आलाय. त्या यादीवर मी माझ्या हिशेबाने खुणा केल्या. शिवनेरीच्या पायऱ्या मला चालतात, दरवाजागणिक टेकायला जागा आहे. पन्हाळ्याला गाडी वर जाते. साल्हेर मी करणार नाही, निदान या पायाने. आणि सिंधुदुर्ग, जो तुम्ही आजी-आजोबांच्या सहलीत घालता, तिथे मला धडकी भरते ती होडीत चढता-उतरताना. हलत्या फळीवर नकली घोटा सावरत नाही. रायगडाला सगळे म्हणतात, रोपवे आहे ना! आहे. मी दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढून जातो आणि उतरताना रोपवे धरतो. माझ्या पायाला कठीण काय ते उतरणं, म्हणून पैसे तिथे खर्च करायचे. पण तुमच्या वेळापत्रकात एक तर सगळे पायऱ्यांनी, नाही तर सगळे रोपवेने.

कायद्याची भाषा मला फारशी येत नाही आणि ती काढायची इच्छाही नाही. तरी माहीत असावं म्हणून: दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा म्हणतो की नुसत्या दिव्यांगपणावरून कुणाला वगळता येत नाही. वगळायचंच असेल तर हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. 'एकंदरच' या दोन्हीत बसत नाही. २०२१मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, जमीन-पाणी-हवेतल्या उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती केली असेल, प्रथमोपचाराची पेटी, दोर, प्रशिक्षित लीडर सगळं मांडलं असेल. त्याच फायलीत वाटेचं वर्णन करणारं एक पान घाला. मला सूट नको, सवलतीचं तिकीट नको. उशीर होणार असेल तर मी दीड तास आधी निघेन, वेगळी गाडी करेन, वाटाड्याचे पैसे मी देईन. आणि सगळं ऐकून मीच म्हणालो की ही वाट माझ्या आवाक्यातली नाही, तर बाराशे रुपये तुमच्याकडेच ठेवा.

आता कामाचं. येत्या डिसेंबरात मला राजगडला जायचं आहे. अपघातानंतर गेलेलो नाही. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट मला आठवते, ती नको. पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी चढेन, त्याच वाटेने उतरेन. पद्मावती माचीवर पोचलो तर पुरे, बालेकिल्ल्याचं तिथे गेल्यावर बघू. आठवड्यातला मधला दिवस हवा. तुमच्यापैकी कुणी अलीकडे पाली दरवाजाने गेलं असेल, तर मला एवढं कळवा: खालच्या टप्प्यातली मातीची वाट हिवाळ्यात घसरडी असते का, सगळ्यात उंच पायरी साधारण गुडघ्याएवढी आहे की त्याहून कमी, आणि मधे सावलीत बसून पाय काढता येईल अशी जागा कुठे कुठे आहे.

आपला,
एक जुना ट्रेकर, चिंचवड
(डावा पाय, बीके)

ता. क. तुमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत चार मिलिमीटरची ॲलन की (नकली पायाचे स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली) टाकून ठेवा. माझी कळसूबाईच्या दुसऱ्या शिडीवरून खाली पडली, ती अजून तिथेच कुठेतरी असेल.